करडा शनिवार, पनवेल लोकल

ॲलिसन ब्लेअर ही न्यायाधीशाची मुलगी. तिनं वकिली करावी, बापाचं नाव काढावं ही घरची इच्छा; मुलीला गायचं असतं. इथवरची गोष्ट पनवेलच्या लाईन आळीत कुठल्याही घरी घडली असती आणि ‘आधी डिग्री घे, मग काय ते गा’ या तोडग्यावर मिटलीही असती. पण ॲलिसन जन्मली मार्व्हल कंपनीच्या कॉमिक्समध्ये. तिच्या कानावर पडलेला आवाज अंगात साठतो आणि प्रकाश होऊन बाहेर येतो. कधी डोळे दिपवणारा झोत, कधी लेझरची धारदार रेघ, कधी समोरच्याला गुंगवून टाकणारा रंगांचा खेळ. चंदेरी पोशाख, पायात चाकांचे बूट, डोळ्यांभोवती निळा रंग आणि गळ्यात डिस्कोच्या चकचकीत गोळ्याचं लॉकेट. नाव डॅझलर. फेब्रुवारी 1980 च्या ‘एक्स-मेन’मध्ये, 130व्या अंकात, ती पहिल्यांदा अवतरली.

अवतरली म्हणणं जरा जास्तच झालं. तिला ऑर्डर देऊन मागवलं होतं. डिस्को संगीतावर गब्बर झालेल्या कॅसाब्लांका रेकॉर्ड्स कंपनीचा बेत असा, की मार्व्हलनं एक गाणारी नायिका काढावी, आपण तिच्या नावानं खरीखुरी गायिका बाजारात आणावी, तबकड्या विकाव्यात आणि पुढे जमलं तर सिनेमाही काढावा. चित्रकार जॉन रोमिटा ज्युनिअर यांच्या डोळ्यांसमोर गायिका ग्रेस जोन्स होती. सिनेमावाल्यांना अभिनेत्री बो डेरेक हवी होती, म्हणून चेहराही बदलला. तोवर डिस्कोचंच वारं फिरलं. 12 जुलै 1979 ला शिकागोच्या बेसबॉल मैदानावर लोकांनी डिस्कोच्या रेकॉर्डी पेटीत भरून चक्क सुरुंगानं उडवल्या. रेकॉर्ड कंपनीनं अंग काढून घेतलं आणि चाकांचे बूट घातलेली मुलगी मार्व्हलच्या पदरात राहिली. मार्व्हलनं मग तिचं स्वतंत्र मासिक काढलं. मार्च 1981 चा पहिला अंक रस्त्यावरच्या स्टॉलवर न ठेवता फक्त कॉमिक्सच्या दुकानांत विकला, तरी चार लाखांवर प्रती खपल्या. ज्यांनी तिला मागवलं ते हात वर करून मोकळे झाले आणि पोरीनं घर चालवलं.

महाराष्ट्रातली रंगांची नायिकाही अशीच एका कचेरीतल्या टेबलावर जन्मली. एकविसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात, भारतकुमार राऊत संपादक असताना, ‘महाराष्ट्र टाइम्स’नं नवरात्राच्या नऊ दिवसांचे नऊ रंग छापले आणि त्या त्या रंगाची वस्त्रं नेसून फोटो पाठवा, असं वाचकांना सांगितलं. वाचक, त्यातही स्त्री-वाचक, जोडण्याचा तो उपक्रम होता. फोटो आले. मग गठ्ठ्यानं आले. बँका, शाळा, रुग्णालयं, पोलीस ठाणी, भिशीचे गट, सोसायटीची कमिटी, सगळ्यांनी ओळीनं उभं राहून हसऱ्या मुद्रेनं फोटो काढले. आज कुणाही बाईला विचारा, हे रंग आजीच्या आजीपासून चालत आल्याचं ती ठामपणे सांगेल. पंचांगकर्ते दा. कृ. सोमण यांनी याला धर्मशास्त्रात आधार नाही हे वारंवार जाहीरपणे सांगितलं आहे. लोक ते आदरानं वाचतात आणि खालच्या चौकटीत आजचा रंग कोणता ते बघतात.

या यादीमागचं गणित मात्र सरळ आहे. रंग देवीच्या रूपावरून ठरत नाहीत, वारावरून ठरतात. रविवार नारिंगी, सोमवार पांढरा, मंगळवार लाल, बुधवार गडद निळा, गुरुवार पिवळा, शुक्रवार हिरवा, शनिवार करडा. सात वारांचे सात झाले की उरलेल्या दोन दिवसांसाठी गुलाबी, जांभळा, मोरपिशी यांच्यातून दोघांची वर्णी लागते. 2024 मध्ये घट गुरुवारी बसले म्हणून सुरुवात पिवळ्यानं झाली. 2025 मध्ये सोमवारी बसले म्हणून पांढऱ्यानं. एवढं कळलं की यादी येण्याची वाट बघायचं कारण नाही, पण वाट बघण्यातच निम्मी मजा असते.

या पद्धतीत सगळ्यात मोठा अन्याय होतो तो नारिंगीवर. तो कायम रविवारी. ऑफिस बंद, लोकल रिकामी, साडी बघायला घरचा नवरा, आणि त्याचं लक्ष पेपरात.

तसं पाहिलं तर प्रकाशापासून घडलेली नायिका आपल्याकडे मार्व्हलच्या कितीतरी आधीपासून आहे. दुर्गासप्तशतीच्या दुसऱ्या अध्यायात महिषासुरानं पळवून लावलेल्या देवांच्या अंगांतून तेज निघतं, एके ठिकाणी गोळा होतं आणि त्याची स्त्री होते. शिवाच्या तेजातून मुख, यमाच्या तेजातून केस, विष्णूच्या तेजातून बाहू, अग्नीच्या तेजातून तीन डोळे. मग शस्त्रांचा आहेर: कुणी त्रिशूळ दिला, कुणी चक्र, हिमालयानं सिंह. आणि क्षीरसागरानं दिली कधीही न विटणारी, न फाटणारी वस्त्रं. एकदा नेसली की विषय संपला. फॉल नको, पिको नको, पुढच्या वर्षी तीच नेसली म्हणून जावेनं डोळे मोठे करायला नकोत. रोज वेगळा रंग नेसावा असं त्या अध्यायात कुठं नाही. ते काम तिच्या भक्तिणींनी अंगावर घेतलं.

अमेरिकन कॉमिक्समध्ये रंगांचं असं खातेवाटप बरंच उशिरा झालं. ग्रीन लँटर्न हा अंगठीतून हिरवा प्रकाश सोडणारा वीर. लेखक जेफ जॉन्स यांनी 2000 नंतरच्या दशकात त्याच्या जगात इतर रंगही आणले आणि एकेकाला एकेक भावना वाटून दिली: लाल म्हणजे संताप, नारिंगी म्हणजे हाव, पिवळा म्हणजे भीती, हिरवा म्हणजे इच्छाशक्ती, निळा म्हणजे आशा, जांभळा म्हणजे प्रेम. जांभळ्याचं खातं स्टार सफायर या बायकांच्या फौजेकडे गेलं. कॅरल फेरिस त्यातली मानाची. आपल्याकडे वृत्तपत्रांच्या पुरवण्यांनीही हेच केलं. पांढरा शांतीचा, लाल शक्तीचा, पिवळा आनंदाचा. मंत्रिमंडळ वेगळं, पद्धत तीच.

फक्त पिवळ्याबाबत दोन्ही सरकारांचं जमणार नाही. 1959 मध्ये आलेल्या हॅल जॉर्डन या ग्रीन लँटर्नची अंगठी पिवळ्या वस्तूपुढे चालत नसे. कितीही मोठा वीर असो, समोर पिवळं काही आलं की हातपाय गळाले. या गृहस्थाला सोमवतीला जेजुरीला नेलं असतं तर पहिल्या पायरीवरच त्यानं अंगठी काढून पुजाऱ्याच्या हातात ठेवली असती. आणि नवरात्रातल्या गुरुवारी सकाळी आठच्या सुमारास पनवेल स्टेशनात, बायकांच्या डब्यासमोर उभं केलं असतं तर विचारायलाच नको.

तो डबा एकदा बघण्यासारखा असतो. पनवेल हे हार्बर लाइनचं टोक, इथून गाडी सुटते, म्हणून खांदेश्वर-मानसरोवरच्या कितीतरी बायका आधी उलट्या पनवेलला येतात आणि जागा धरून पुन्हा आपल्याच स्टेशनवरून मुंबईला जातात. सीएसएमटी सव्वा तासावर. या सव्वा तासात खिडकीशी बसलेली पिवळी कांजीवरम, तिसरी सीट पिवळा कुर्ता, दाराशी पिवळी ओढणी, आणि फुटबोर्डवर पाय ठेवून आत घुसणारी एक जण, जिच्या अंगावर पिवळं काहीही नाही. सगळ्या नजरा तिच्याकडे. ती शांतपणे पर्समधून रुमाल काढते. पिवळा. डबा पुढं सरकून तिला जागा करून देतो.

पण गुरुवारची खरी परीक्षा नाही. पिवळं प्रत्येकीकडे असतं. हळदीतलं, बारशातलं, कुणाच्या तरी लग्नात मिळालेलं. परीक्षा असते शनिवारी. करडा.

कपाटात करडी साडी नसते. आईनं घेतलेली नसते, सासूनं दिलेली नसते, ओटीत आलेली तर नसतेच. लग्नाच्या बस्त्यात कुणी करड्या रंगाचा आग्रह धरल्याचं ऐकिवात नाही. आणि या रंगानं भल्याभल्यांना घाम फोडला आहे. मार्व्हलचा हल्क 1962 च्या पहिल्या अंकात करडाच होता. त्याचे लेखक स्टॅन ली यांना तोच हवा होता. पण छपाईत करडा टिकेना. एका पानावर फिका, दुसऱ्यावर काळपट, तिसऱ्यावर भलताच. दुसऱ्या अंकापासून हल्क हिरवा झाला आणि आजही हिरवा म्हणूनच ओळखला जातो. त्याहून जुनी गोष्ट वेताळाची. इंद्रजाल कॉमिक्समधून मराठी घरांत शिरलेला, जंगलात जांभळ्या पोशाखात फिरणारा तो फँटम. त्याचे जनक ली फॉक यांच्या मनात तो करडा होता. गर्द झाडीत लपायचं तर करडंच बरं, नाही का? 1936 मध्ये काळ्यापांढऱ्यात सुरू झालेली ही चित्रमालिका 1939 मध्ये रविवारच्या रंगीत पानावर आली, तेव्हा तो जांभळा छापला गेला आणि तसाच राहिला. इटली-ब्राझीलमध्ये तर तो लाल, स्कँडिनेव्हियात निळा. रंग भरणाऱ्यानं भरला, वेताळानं मुकाट अंगावर घेतला.

म्हणजे हल्कला जमलं नाही, वेताळाला जमलं नाही. पनवेलच्या बायका दरवर्षी एका शनिवारी नखशिखान्त करड्या रंगात उतरतात, वर मॅचिंग टिकलीसुद्धा लावतात. टिकली करडी! कोणत्याही महानायकाच्या चरित्रात एवढा पराक्रम नाही.

हा पराक्रम सिद्धीस जातो तो मॅचिंग सेंटरमध्ये. पनवेलच्या बाजारपेठेत नवरात्राच्या आधीच्या आठवड्यात शिरलं की दुकानाच्या पायरीवर दोन-तीन बायका हमखास दिसतात. एकीच्या हातात साडीचा पदर, दुसरीच्या हातात टू बाय टूचा तुकडा, आणि दोघींची मान आभाळाकडे.

‘आत मोरपिशी वाटत होता गं.’

‘हा रामा ग्रीन आहे. उन्हात बघ की.’

‘काका, जरा अजून निळ्याकडे जाणारा दाखवा.’

काका मागे न बघता हात वर करतात, दोनशे तागे लावलेल्या फडताळातून एक ओढतात, आणि तो बरोब्बर असतो. बायका पायरीवर जाऊन बघतात हा अतिचिकित्सकपणा नव्हे, शुद्ध पदार्थविज्ञान आहे. कापडाला स्वतःचा रंग नसतो. पडलेल्या प्रकाशातला जो भाग ते परत पाठवतं तो आपल्याला दिसतो. दुकानातल्या एलईडीच्या उजेडात आणि उन्हात वेगवेगळ्या लहरींचं प्रमाण सारखं नसतं, म्हणून आत जुळलेले साडी आणि ब्लाउज बाहेर आल्यावर एकमेकांशी बोलेनासे होतात. डॅझलरला हे शिकायला किती अंक लागले असतील देव जाणे, मॅचिंगवाल्या काकांच्या ते हातात बसलेलं आहे.

कॉमिक्सच्या धंद्यातही रंगांची खरी शक्ती कागदावरच्या नायिकेपेक्षा कागद रंगवणाऱ्या बायकांकडे होती. डॅझलरच्या काळातल्या ‘एक्स-मेन’ची पानं रंगवायच्या ग्लिनिस वीन. त्यांच्या कितीतरी आधी, 1950 च्या आसपास, मेरी सेव्हरिन ईसी कॉमिक्सची पानं रंगवत होत्या. पुढे मार्व्हलमध्ये त्यांनी रंगही भरले आणि चित्रंही काढली. पद्धत अशी, की चित्राच्या प्रतीवर रंग द्यायचा आणि शेजारी खुणा लिहायच्या, कुठे पिवळा किती टक्के, लाल किती, निळा किती. तिन्ही शाया तीनच मात्रांत मिळायच्या, किंवा मुळीच नाही; त्यांच्या मिश्रणातून जेमतेम 64 छटा निघत. सगळं विश्व, सगळे ग्रह, सगळ्या फौजा या 64 छटांत बसवायच्या. पनवेलमधल्या बाईनं एवढे 64 तागे बघून ‘बास? एवढंच आहे?’ असं विचारलं असतं.

या सगळ्या उत्सवाची एक बाजू मात्र विनोदाची नाही. नऊ दिवसांचे नऊ म्हणजे निदान चार-पाच नवे कपडे, आणि ऑफिसच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर रोज गटाचा फोटो. ज्या बाईचा पगार घरच्या हप्त्यांत संपतो तिला फोटोत मागच्या रांगेत उभं राहायची युक्ती आपोआप येते. काही जणी स्पष्ट सांगतात, मी नेसणार नाही. त्यांच्याकडे दुसऱ्या दिवसापासून ‘हिचं काहीतरी बिनसलंय’ अशा नजरेनं बघितलं जातं. नर्सबाईंचा सोमवार फुकटात निभावतो. आणि पनवेलच्या एसटी स्टँडवर तिकिटं फाडणाऱ्या महिला कंडक्टरचं काय? बारा महिने खाकी. खाकीचा दिवस यादीत कधीच येत नाही. एखादी जण वेणीत त्या दिवसाच्या रंगाचं फूल खोचते, बाकी गणवेश जिथल्या तिथं, आणि कोकणाकडे निघालेल्या गाडीत ‘पुढं सरका, मागं जागा आहे’ हे वाक्य तेवढ्याच जोरात.

या जोरावरून पुन्हा डॅझलर आठवते. तिची शक्ती आवाजावर चालते आणि शांतता हा तिचा शत्रू. मासिकात लेखकांनी तिची अनेकदा कोंडी केली, आवाज नसलेल्या जागी नेऊन. तिचं मासिक 1986 मध्ये 42व्या अंकावर बंद पडलं. कुणीतरी तिला वेळीच पनवेलला आणायला हवं होतं. इथं तिच्या शक्तीला खंड पडायची भीतीच नाही. कळंबोलीच्या जंक्शनवर ट्रकचे हॉर्न, गणपतीत वडाळे तलावाकडे निघालेल्या मिरवणुकांचे डीजे, गरब्याचा मांडव, आणि 25 डिसेंबर 2025 पासून तर उड्डाणं सुरू झालेला नवी मुंबईचा विमानतळही शेजारीच. ध्वनिप्रदूषणाच्या 2000 सालच्या नियमांत निवासी भागासाठी दिवसा 55 आणि रात्री 45 डेसिबल अशी मर्यादा आहे. रात्री दहानंतर ध्वनिक्षेपक बंद; सणासुदीला राज्य सरकार वर्षातून जास्तीत जास्त पंधरा दिवस बारापर्यंत सूट देऊ शकतं. नियमातल्या 45 डेसिबलवर डॅझलरचा झीरोचा दिवाही लागला नसता. प्रत्यक्षात मिरवणुकीत जो आवाज असतो त्यावर तिनं अर्धा रायगड जिल्हा उजळून महावितरणला बिल पाठवलं असतं.

गायला मात्र तिला अडचण आली असती. वासुदेव बळवंत फडके नाट्यगृहात शनिवार-रविवारची तारीख सहजी मिळेल, अशा भ्रमात परदेशी कलाकारांनी राहू नये.

त्यापेक्षा तिनं दसऱ्याच्या आदल्या कामाच्या दिवशी सकाळची लोकल धरावी. त्या दिवशी बायकांच्या डब्याची पूजा असते. दांड्यांना झेंडूच्या माळा, दाराला आंब्याची डहाळी, खिडकीला देवीचा फोटो, स्टीलच्या डब्यातून पेढे आणि साबुदाण्याची खिचडी. बेलापूरपर्यंत आरती, वाशीच्या खाडीपुलावर टाळ्या आणि फुगडी घालायला जागा नसल्यामुळे उभ्या उभ्याच फुगडीचा आव. मानखुर्दला चढणाऱ्या बाईला आत शिरायला वाव नसतो, तरी तिच्या हातावर प्रसाद पडतो. इतक्या आवाजातून जो उजेड पडतो तो पाहून डॅझलरनं आपलं लॉकेट काढून दांडीला अडकवलं असतं. आणि कुणीतरी लगेच विचारलं असतं, ‘अगं, चंदेरी कुठल्या दिवसाचा?’

वृत्तपत्रानं रंग दिले हे खरं. त्यांचं काय करायचं हे त्या वृत्तपत्राच्या हातात पहिल्याच वर्षी राहिलं नाही. डॅझलरलाही कॅसाब्लांका कंपनीनं मागवलं, आणि आज तिचं नाव घेणाऱ्या वाचकाला त्या कंपनीशी काही देणंघेणं नसतं. बाजारानं आणलेल्या गोष्टी बाजारातच राहतात, असं म्हणणाऱ्यांनी एकदा पनवेल लोकलच्या बायकांच्या डब्याचं दार उघडं असताना फलाटावर उभं राहावं. आत चढू नये, चढू देणार नाहीत.

आता कामाचं. 2026 मध्ये घट 11 ऑक्टोबरला, रविवारी बसतात. म्हणजे वाराच्या हिशेबानं पहिलाच रंग नारिंगी, आणि करडा येतो 17 ऑक्टोबरच्या शनिवारी. नवरात्राच्या तोंडावर शिंपी ब्लाउज शिवायला घेत नाहीत, घेतले तरी वेळेवर देत नाहीत, दिले तरी अस्तर सुटलेलं असतं. करड्याचं कापड ज्यांना घ्यायचं आहे त्यांनी ते पितृपक्षाच्या आधीच घेऊन ठेवावं, आणि दुकानातून बाहेर पडण्याआधी पायरीवर येऊन उन्हात बघावं.